बाळांची आणि पुतळ्यांची वच्छीमावशी

वच्छीमावशी घरात शिरायची ती दोन्ही तळवे एकमेकांवर घासत. चप्पल दारात, पिशवी खुंटीला आणि हात घासणं चालूच, नवीन माणसाला वाटावं ही भांडायला आलीय. पण ती हात गरम करत असायची. "थंड हात कोणाला लावू नये गो. बाळाला नाय आणि दगडाला पण नाय," असं म्हणायची. बाळाचं मला कळलं. दगडाचं मला वाटलं उगाच बोलण्याच्या भरात आलं असेल.

तर सकाळी सहा ते नऊ ती लालबाग-परळच्या चाळींमधून फिरून बाळांना आणि बाळंतिणींना तेल लावून न्हाऊ घालायची, आणि साडेदहाला फोर्टातल्या एका शिल्पांच्या गॅलरीत कामावर हजर. तिथले पुतळे पुसायची. पुतळे म्हणजे घोड्यावर बसलेले, तलवार घेतलेले नाहीत. आताच्या काळातले, ज्यांचं डोकं कुठलं आणि पाय कुठले ते दोनदा बघितलं तरी कळत नाही, तसले. दोन्ही कामं ती कित्येक वर्षं करत होती आणि दोन्हींना एकच शब्द वापरायची, "माझी पोरं." त्यामुळे बोलताना घोळ व्हायचा. एकदा म्हणाली, काल एका पोराच्या कानात कोळ्यानं जाळं केलं होतं, ब्रशनं काढलं. मी ओरडलेच. तर तो पोरगा पितळेचा होता.

मला सगळ्याचीच भीती वाटते, हे आधीच सांगून टाकते. लिफ्टची वाटते, गॅसच्या नळीची वाटते, बँकेतल्या फॉर्मची तर फार वाटते. आठवीत गणिताच्या बाईंची वाटायची म्हणून शाळाच सोडली. पण ही सगळी भीती एकीकडे आणि माझ्या पोरीच्या मानेची एकीकडे. हॉस्पिटलमध्ये नर्सनं पोरगी हातात दिली आणि म्हणाली, मान सांभाळ गं, मान फार नाजूक असते. झालं. त्या दिवसापासून मला पोरगी दिसेचना, नुसती मान दिसायची. पाजायला घ्यायची तर चारी बाजूंनी उशा लावायच्या, आणि मांडीवर ठेवायला पण दुसरं कुणीतरी लागायचं. माझी आई मी लहान असतानाच गेली. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आईंना, नेमकं तेव्हाच पाय घसरून उजव्या हाताला प्लास्टर. तरी त्या डाव्या हातानं पोरीला उचलून द्यायच्या. एका हातानं त्यांना जे जमायचं ते मला दोन हातांनी जमत नव्हतं, आणि हे त्या मला दिवसातून चारदा सांगायच्या.

म्हणून वच्छीमावशीला बोलावलं. पहिल्या दिवशी ती आली तेव्हा मी पलंगाच्या एका कोपऱ्यात आणि पोरगी दुसऱ्या कोपऱ्यात.

"भांडण झालं काय दोघींचं?" तिनं विचारलं.

"नाही ओ मावशी. मला भीती वाटते. तिची मान."

"मानेचा काय?"

"मोडली म्हणजे?"

तिनं आईंकडे बघितलं. आई म्हणाल्या, "बारा दिवस झाले, हेच ऐकतोय आम्ही."

मावशी हसली नाही. मला वाटलं होतं हसेल. ती म्हणाली, "बरोबर आहे. जिला भीती वाटत नाय तिच्याच हातून पडतं. सव्वा महिना मी घालीन आंघोळ. तू बस आणि बघ. मग तू पायावर घ्यायची. शिमग्याला मी गावाक जाणार, ती परत येणार नाय, मुलीनं घर बांधलंय. तोपर्यंत शिकायचं. चालेल काय?"

मी हो म्हटलं. शिमगा तेव्हा फार लांब होता.

पायावर घेणं म्हणजे, मोरीत पाटावर बसायचं, दोन्ही पाय लांब करायचे, साडी गुडघ्यापर्यंत खोचायची आणि बाळाला नडग्यांवर झोपवायचं, आधी उताणं, मग पालथं. मावशीचे पाय म्हणजे नुसता पाळणा. ती पाणी आधी स्वतःच्या कोपरावर घ्यायची, मग पोरीच्या टाचेवर. आणि सारखी सांगत राहायची. "आता मी पोटावर येतंय हां. आता काखेत येतंय, गुदगुल्या होतील. आता तुला पालथी करतंय, घाबरू नको बाय." सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही, असा तिचा नियमच. माझी पोरगी, जी माझ्याकडे आली की किंचाळायची, ती मावशीच्या पायावर डोळे मिटून पडायची, जशी काय पार्लरमध्ये आलीय.

"हिला माझ्या हातात काय टोचतं?" मी एकदा चिडून विचारलं.

"तुझे हात थरथरतात. तिला वाटतं भूकंप झाला."

सव्वा महिना झाला. दोन महिने झाले. रोज सकाळी मावशी विचारायची, "आज घेतेस?" आणि रोज माझं काहीतरी निघायचं. कंबर दुखते. पाणी गार वाटतंय. उद्या घेते नक्की. आई म्हणायच्या, "पोरगी कॉलेजात जाईपर्यंत मावशीच घालील आंघोळ. कॉलेजच्या आधी येत जा हो मावशी." नवऱ्यालाही मनातून मानेची भीती होती, पण तो कुरियरच्या कामाला निघून जायचा म्हणून सुटायचा.

तेल लावताना मावशी गॅलरीच्या गोष्टी सांगायची. तिथल्या पुतळ्यांपुढे पाटी असते, त्यावर कलाकाराचं नाव असतं आणि पुतळ्याच्या नावाच्या जागी बऱ्याचदा लिहिलेलं असतं, शीर्षक नाही. हे तिला अजिबात पटायचं नाही. "एवढा दगड फोडायचा, घासायचा, लोकांपुढे ठेवायचा आणि बारसं नाय करायचं? ह्याला काय अर्थ आहे!" म्हणून तिनं स्वतःच सगळ्यांची बारशी केली होती. एकमेकांवर दाबून बसवलेले दोन दगड होते, त्यांचं नाव पोटभाडेकरू. मधोमध आरपार भोक असलेलं एक लाकूड होतं, ती कुंदा, कारण आमच्या चाळीतल्या कुंदासारखी हिच्याही पोटात एक गोष्ट राहत नाही. उंच, काटकुळा, तो लांबोडा. आणि छताला टांगलेलं तारांचं एक मोठं जंजाळ होतं, त्याला ती सासूबाई म्हणायची.

"का ओ?"

"हात लावला तरी आवाज करते, नाय लावला तरी आवाज करते."

पडद्यामागून आई म्हणाल्या, "ऐकू येतंय हो मला."

"तुम्हाला नाय म्हटलं वहिनी. तुम्ही प्लास्टरच्या. ती तारेची."

तिची सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे खंडेनवमीची. गॅलरीत नवीन लागली होती तेव्हाची. अंगणात एक लोखंडाचं शिल्प ठेवलेलं, बंद पडलेल्या गिरणीच्या मशिनीची चाकं जोडून केलेलं, दीड पुरुष उंच आणि सगळं गंजलेलं. मावशीचा नवरा गिरणीत साचेखात्यात होता. साचा म्हणजे कापड विणायचा माग. तिनं ती चाकं बघितल्याबरोबर ओळखली. आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी कामावर जाते तर काय, सगळ्या गिरणगावात लोकांनी आपापली हत्यारं, मशिनी, टॅक्स्या धुऊन पुसून पूजा मांडलेली आणि हे बिचारं गंज खात उभं. तिला राहवेना. शेजारच्या खानावळीतून चिंच, राख आणि नारळाच्या काथ्याचा घासणा आणला, आणि साहेब लोक यायच्या आत घासायला बसली. हात पुरला तिथपर्यंत घासलं. छातीपर्यंत चाकं अशी लखलखीत झाली की तोंड दिसावं, वरचं तसंच राहिलं, कारण स्टूल वरच्या मजल्यावर होतं. मग हळद-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, अगरबत्ती लावली.

गंज हीच त्याच्यातली कला होती. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

ऑफिसातले साहेब आले आणि तिथंच खाली बसले. शिल्प करणाऱ्याला फोन गेला. तो म्हातारा माणूस टॅक्सी करून आला, कुर्ता, पायात कोल्हापुरी, आणि शिल्पाभोवती तीन फेऱ्या मारल्या. सगळ्यांना वाटलं आता मावशी घरी बसते. त्यानं विचारलं, "हे कुणी केलं?" मावशी पुढे झाली. म्हणाली, "मी केलं साहेब. आज खंडेनवमी. आजच्या दिवशी लोखंडाला कोण असं ठेवतं? आणि हे चाक साचेखात्यातलं, ह्याला तर तेल पण रोज लागतं."

म्हाताऱ्यानं विचारलं, "तुम्हाला कसं ठाऊक, साचेखात्यातलं?"

"माझ्या घोवानं दाखवलं होतं. खंडेनवमीला आम्हा बायकांना आत सोडायचे, पूजा बघायला."

त्यानं त्या हाराकडे बघितलं आणि ऑफिसवाल्यांना म्हणाला, संध्याकाळपर्यंत फुलं काढू नका. मग अगरबत्तीला हात जोडले आणि गेला. गंज परत चढायला दोन पावसाळे लागले, असं मावशी सांगायची. पण कामवाल्यांच्या खोलीत तेव्हापासून एक कागद चिकटवलाय, कोणत्याही शिल्पाला चिंच, राख, लिंबू किंवा तेल लावू नये. "एवढ्या मोठ्या ऑफिसानं माझ्या एकटीसाठी कागद छापला," ती म्हणायची, आणि माझ्या पोरीची पाठ जोरजोरात चोळायची.

शिमग्याला पंधरा दिवस राहिले. त्या सकाळी तिनं विचारलंच नाही, आज घेतेस का म्हणून. मला बरंच वाटलं. आंघोळ झाल्यावर तिनं पोरीला दुपट्यात गुंडाळलं आणि म्हणाली, "साडी बदल. आज माझ्यासोबत चल, माझी पोरं दाखवते."

"एवढ्या लांब? हिला घेऊन?"

"जाऊ दे हो," आई आतून म्हणाल्या. "घरी बसून तरी काय, मानेकडेच बघत बसणार."

बसमध्ये पोरगी मावशीकडेच होती, म्हणून मी खिडकीतून मजेत बघत गेले. गॅलरीच्या दारात पोचलो तशी मावशीनं ओळखपत्र गळ्यात घातलं आणि पोरगी माझ्या हातात ठेवली.

"अहो, मावशी!"

"माझी ड्युटी सुरू," ती म्हणाली आणि ब्रश घेऊन आत गेली. म्हणजे हे तिनं ठरवूनच आणलं होतं, पण तेव्हा उशीर झाला होता.

आत थंडगार, पांढऱ्या भिंती, मोठमोठ्या खोल्या आणि माणूस जवळपास नाहीच. जिथं तिथं पाटी, हात लावू नका. मला त्या पाटीनं एवढा धीर आला, म्हटलं, चला, ही आपल्यासारखीच माणसं दिसतात. पोरीला खांद्याशी घट्ट धरून, एक हात मानेमागे, एक हात खाली, अशी मी चालत होते जसं काय डोक्यावर भरलेली घागर आहे. पोटभाडेकरू बघितले. खरंच तसेच होते, खालचा बिचारा दबून गेलेला. कुंदा बघितली, तिच्या भोकातून पलीकडे लांबोडा दिसत होता आणि लांबोड्याच्या मागे स्टुलावर चढून मावशी. "आता मी खांद्यावर येतंय हां," लांबोड्याला सांगत होती. हसू आलं मला. हसता हसता दोन पावलं मागे सरकले.

आणि वर टांगलेल्या सासूबाईंचं खालचं टोक नेमकं माझ्या खांद्यावरून मागे बघणाऱ्या पोरीच्या हाताला लागलं. अडीच महिन्यांचं पोर, त्याच्या तळव्याला काही लागलं की मूठ बंद. तार मुठीत. मी पुढे व्हायला गेले तर वरचं सगळं जंजाळ खळखळ खळखळ करत माझ्यासोबत यायला लागलं.

"ओ ताई! ओ ताई! हात नाय लावायचा!" वॉचमन पवारभाऊ धावत आले. शिट्टी तोंडात.

"शिट्टी नको मारू रे पवार!" मावशी स्टुलावरून ओरडली. "पोर दचकलं तर आख्खं खाली येईल. उभा राहा तिथंच."

पवारभाऊ शिट्टी दातात धरून उभे. मी उभी. वरच्या तारा हलतायत. पोरगी मात्र मजेत, नवीन खुळखुळा मिळाल्यासारखी ओढतेय.

"मावशी, या ना ओ! सोडवा ना!"

"मी स्टुलावर आहे."

"मग उतरा ना!"

"गुडघा दुखतो. वेळ लागेल. तूच सोडव."

"मला नाही येत! माझे दोन्ही हात अडकलेत!"

"एक हात काढ."

"मान!"

"रूपा," मावशी म्हणाली. एरवी ती मला कधी नावानं हाक मारायची नाही. "मानेवरचा हात तसाच ठेव. खालचा काढ. पोरगी तुझ्या अंगाला टेकलीय, कुठं जात नाय. जरा मागे रेल म्हणजे तुझ्यावर झोपेल. शाबास. आता त्या हातानं तिची मूठ ओढायची नाय. ओढलं की आवळते. मुठीच्या मागनं, मनगटापासून बोटांकडे, हळूच बोट फिरव. आणि तिला आधी सांग."

मी काय सांगू? तरी म्हटलं, "मी हातावर येतेय हां. आता येतेय. घाबरू नको." ती घाबरलेली नव्हतीच, घाबरलेली मी होते, पण बोलायला लागले तसा माझा आवाज मलाच ऐकू यायला लागला आणि हात जरा थांबला. एक बोट फिरवलं. दुसऱ्यांदा फिरवलं. तिसऱ्यांदा मूठ अशी उघडली, जसं फूल. तार सुटली, वर जाऊन खळखळली आणि सासूबाई आपल्या जागी परत.

पवारभाऊंनी शिट्टी दातातून काढली आणि कपाळ पुसलं. "ताई, तुमच्यामुळे आज माझी नोकरी गेली असती. पोरगी गोड आहे पण."

एवढ्यात मावशी माझ्याजवळ आलेली. गुडघा दुखणारी बाई स्टुलावरून कधी उतरली आणि आख्खी खोली कधी ओलांडली, कळलंच नाही. तिनं माझ्या गालाला हात लावला आणि मी दचकले. तिचे हात बर्फासारखे गार होते.

"मावशी, तुम्ही घाबरला होता?"

"मग काय! ती तार पडली असती तर आणखी एक कागद छापला असता." आणि मग म्हणाली, "एका हातानं धरलीस की नाय? कितीतरी वेळ धरलीस. मोडली काय मान?"

नव्हती मोडली. मी बघितलं तर पोरीला झोप लागली होती, माझ्याच खांद्यावर.

दुसऱ्या दिवशी मावशी आली ती हात न घासता. खुर्ची ओढून मोरीच्या बाहेर बसली, दोन्ही हात पदराखाली घेतले आणि म्हणाली, "आज मी पाहुणी. चहा सांगा." मी पाटावर बसले, पाय लांब केले. माझे पाय मावशीसारखे गुबगुबीत नाहीत, नुसत्या काठ्या, मला वाटलं पोरगी मधल्या फटीतून खाली जाईल. आईंनी डाव्या हातानं तांब्या धरला. मी म्हटलं, आता पोटावर येतेय. आता काखेत. मावशी आईंना तिसऱ्या माळ्यावरच्या लग्नाचं काहीतरी सांगत होती, पण तिचे डोळे माझ्या हातावर. मग म्हटलं, आता पालथी करतेय हां. आणि पालथी केल्या केल्या पोरीनं माझ्या पायावर शू केली. आई एवढ्या हसल्या की तांब्यातलं पाणी माझ्या डोक्यावर. दोघींची आंघोळ एकदम झाली.

त्यानंतर गावाला निघेपर्यंत मावशी रोज यायची ती फक्त चहाला. एकदाही मोरीत पाय टाकला नाही तिनं. तेल कमी झालं, साबण डोळ्यात जाईल, काही म्हणजे काही बोलली नाही.

ती गेली त्या दिवशी लालबागच्या पुलाखाली गावच्या गाडीजवळ ही गर्दी. कुणी ढोल घेऊन चाललेलं, कुणाच्या हातात गाठोडी, कुणी जागेवरून भांडतंय. मावशी खिडकीत बसलेली, नवीन साडी, मांडीवर डबा. मी पोरीला घेऊन खाली उभी. खिडकी उंच होती. ती म्हणाली, "वर कर गो, शेवटचं बघू दे माझ्या बायला."

मी पोरीला दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचललं. पोरगी हवेत, पाय झाडतेय, मावशीकडे बघून हसतेय. मावशीचा हात खिडकीतून बाहेर आला, सवयीनं, तळवा वर करून, सरळ तिच्या मानेखाली. आणि मध्येच थांबला. तिनं माझ्या हातांकडे बघितलं, कसे धरलेत ते. मग आपला हात हळूच आत घेतला, डब्यावर ठेवला आणि मागे वळून कंडक्टरवर ओरडली, "काय रे, सोडतोस की नाय गाडी? पोहोचेपर्यंत होळी विझेल आमची!"

गाडी सुटली.